सत्त्याहत्तरावा अध्याय कोरा आहे

माझ्या टेबलावर गेली कित्येक वर्षं फळीचा एक तुकडा पडून आहे. वीतभर लांब, चार बोटं रुंद. एका कडेला जीभ, दुसऱ्या कडेला खाच. अशा फळ्या एकमेकींत अडकवून जमीन नाहीतर भिंत मढवतात. कागद उडू नयेत म्हणून मी तो वापरते. पण तो टेबलावर आला तो माझ्या एका चुकीमुळे.

नोकरीला लागून जेमतेम आठ महिने झाले होते. काम निर्यातीच्या कागदपत्रांचं. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, माल कुठल्या देशात तयार झाला त्याचा दाखला, बिल ऑफ लेडिंगचा, म्हणजे जहाजकंपनीच्या मालपावतीचा मसुदा. माल कधी डोळ्यांना दिसायचा नाही, दिसायचे ते त्याचे कागद. एकदा लाकडी फळ्यांचा कंटेनर होता. कागदावर मालाचा प्रकार सांगणारा कस्टम्सचा कोड टाकावा लागतो. फळ्या म्हणजे चिरलेलं लाकूड असं धरून मी टाकला ४४०७. तिकडच्या कस्टम्सनी कंटेनर उघडला तर आत जीभ-खाच काढलेल्या फळ्या. त्यांचा कोड ४४०९. झालं! अकरा दिवस कंटेनर यार्डात अडकला, डेमरेज, म्हणजे माल वेळेत न उचलल्याचा दंड, चढत गेलं, खरेदीदाराचे ईमेल दिवसागणिक आखूड होत गेले. (ईमेल जितका आखूड तितका राग मोठा, हे मी त्या अकरा दिवसांत शिकले.)

आमच्याकडे अण्णा म्हणून एक होते, रिटायर व्हायला दोन-तीन वर्षं राहिलेले. ते आता मला कसे सोलून काढतात ते बघायला अख्खा विभाग टपून बसला होता. अण्णांनी नमुन्यांच्या कपाटातून हा तुकडा शोधून काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

"बोट फिरव त्या खाचेवरून."

मी फिरवलं.

"काय लागलं?"

"खाच."

"कुणीतरी मशीनपाशी उभं राहून काढलीय ती. त्याचा पगार आहे तिच्यात, मशीनचा हप्ता आहे, पातं झिजलं त्याचे पैसे आहेत. तू ४४०७ लिहिलंस, म्हणजे तो माणूस कागदावरून गेला."

एवढं बोलून ते चहाला निघून गेले. मी मात्र त्या दिवशी कोडांचं पुस्तक घरी नेलं आणि पहिल्यांदाच ते पहिल्या पानापासून वाचायला बसले.

हार्मोनाइज्ड सिस्टीम हे त्याचं नाव, बोलताना नुसतं एचएस. ब्रसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेनं तयार केलेलं, १ जानेवारी १९८८ पासून लागू झालेलं. सीमा ओलांडणाऱ्या प्रत्येक वस्तूला सहा आकडे. त्यापुढचे आकडे ज्याचा तो देश जोडतो. एकूण ९७ चॅप्टर. अण्णा त्यांना अध्याय म्हणायचे, जणू पोथीच. कोडाचे पहिले दोन आकडे अध्यायाचे; मी इथे बहुतेक पहिले चारच लिहिते. पहिल्या अध्यायात जिवंत जनावरं, शेवटच्यात चित्रं, शिल्पं आणि शंभर वर्षांहून जुन्या वस्तू. ७६ वा ॲल्युमिनियमचा, ७८ वा शिशाचा आणि मधला ७७ वा कोरा. पुढेमागे लागलाच तर असू दे म्हणून राखून ठेवलेला. पुस्तकाला इतक्या वर्षांत अनेक आवृत्त्या आल्या, ते पान काही भरलं नाही.

वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली. हे पुस्तक बऱ्याच ठिकाणी कच्च्याकडून पक्क्याकडे सरकतं. कॉफीचं न भाजलेलं बी ०९०१.११, भाजलं की ०९०१.२१. कोकोचं बी १८०१, चॉकलेट १८०६. न पिंजलेला कापूस ५२०१, विणलेला टी-शर्ट ६१०९. ओंडका ४४०३, खुर्ची ९४ व्या अध्यायात. दोन आकड्यांच्या मधल्या जागेत कुणाचे तरी हात, कुणाची तरी भट्टी, कुणाचा तरी कारखाना. आणि तेव्हापासून आंतरराष्ट्रीय व्यापारानं देश मोठे होतात की नागवले जातात हा वाद कुठेही सुरू झाला की माझ्या मनात एकच चौकशी सुरू होते: जहाज गेल्यावर किनाऱ्यावर काय राहिलं?

केसांचंच घ्या. न विंचरलेले, न रंगवलेले मानवी केस म्हणजे ०५०१. पुस्तकात त्यांचे शेजारी डुकराचे राठ केस आणि प्राण्यांची आतडी. विग म्हणजे ६७०४. साठच्या दशकात दक्षिण कोरिया गरीब होता, खनिजं फारशी नव्हती. फेरीवाले दारोदार हिंडून बायकांचे कापलेले केस विकत घेत आणि ते तसेच परदेशी जात. १९६५ च्या सुमारास दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. कोरियानं कच्च्या केसांची निर्यात थांबवली आणि अमेरिकेनं चिनी केसांच्या विगांना दार बंद केलं. केस देशातच राहिले, बाजार मोकळा झाला. सोलच्या कारखान्यांत मुली एकेक केस जाळीत ओवू लागल्या. १९७० मध्ये कोरियाच्या एकूण निर्यातीत विगांचा वाटा सुमारे एक दशांश होता. तेवढाच प्लायवूडचा! आणि प्लायवूडची गंमत अशी की त्यासाठी लागणारे ओंडके कोरियाचे नव्हतेच. ते आग्नेय आशियातून यायचे, कोरियात सोलले जायचे, चिकटवले जायचे आणि अमेरिकेला रवाना व्हायचे. झाड एकाचं, भिंत दुसऱ्याची, मधला कारखाना कोरियाचा.

१९६४ च्या नोव्हेंबरात त्यांची वर्षाची निर्यात पहिल्यांदा दहा कोटी डॉलरवर गेली तर त्यांनी त्याचा राष्ट्रीय दिवस केला. १९७७ मध्ये तोच आकडा एक हजार कोटींवर होता. राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग ही दर महिन्याला निर्यातीची बैठक घ्यायचे आणि स्वतः बसायचे. कारखानदाराला स्वस्त कर्ज मिळायचं ते परदेशी ऑर्डर दाखवल्यावर. ही शिस्त मला महत्त्वाची वाटते. सरकारनं लाडावलेले उद्योग जगात पुष्कळ आहेत. पण देशातलं गिऱ्हाईक बांधलेलं असतं, त्याच्या गळ्यात काहीही मारता येतं. परदेशी गिऱ्हाईक मंत्र्याचा मेव्हणा कोण ते विचारत नाही. शिवण उसवली की माल परत. १९७६ मध्ये ह्युंदाईच्या मूठभर पोनी गाड्या इक्वेडोरला गेल्या. केसांपासून मोटारीपर्यंत यायला जेमतेम दहा-अकरा वर्षं.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथे थांबतात. ऑगस्ट १९७९ मध्ये सोलमधल्या, बंद करायला काढलेल्या एका विग कारखान्याच्या कामगार मुली विरोधी पक्षाच्या कचेरीत ठिय्या देऊन बसल्या. पोलीस आत घुसले, त्या धुमश्चक्रीत एकवीस-बावीस वर्षांची एक कामगार मेली. त्यातून जे राजकीय वादळ उठलं ते अडीच महिन्यांनी पार्क यांच्या हत्येपर्यंत जाऊन पोचलं. निर्यातीचे आकडे वर चढत होते तेव्हा ते कुणाच्या मानेवरून चढत होते, हे त्या मुलींनी देशाला ऐकवलं. विगांचा धंदा तोवर कोरियातून निघालाच होता. देश वरच्या पायरीवर गेला. खालच्या पायरीवर उभ्या असलेल्यांना कुणी हात दिला नव्हता.

आता इंग्रज अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डोकडे जावंच लागतं. १८१७ साली त्यानं मांडलेलं उदाहरण अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तोंडपाठ असतं. ठरावीक कापड विणायला इंग्लंडला वर्षभर १०० माणसं लागतात, ठरावीक वाइन करायला १२०. पोर्तुगालला कापडाला ९० आणि वाइनला ८०. म्हणजे पोर्तुगाल दोन्हींत सरस, तरीही त्यानं वाइनच करावी आणि कापड इंग्लंडकडून घ्यावं, दोघांचाही फायदा. हा हिशेब मी कागदावर तीनदा करून बघितला, दर वेळी बरोबर आला. तो चुकीचा नाहीच. सगळ्यात चांगलं काय जमतं यापेक्षा तुलनेनं काय जास्त चांगलं जमतं ते बघा, ही फार खोल सूचना आहे आणि ज्याला काहीच सर्वोत्तम जमत नाही अशा देशालाही ती बाजारात जागा देते.

फक्त तो हिशेब एका वर्षाचा आहे. वाइन आणि कापड ही जोडीही काही आकाशातून पडलेली नव्हती. १७०३ च्या मेथ्युएन करारानं इंग्रजी लोकरी कापडाला पोर्तुगालचं दार उघडलं आणि त्या बदल्यात पोर्तुगीज वाइनवर फ्रेंच वाइनपेक्षा तृतीयांशानं कमी जकात लागू झाली. पुढे वाइनच्या पैशातून कापडाचं बिल भागेना, तेव्हा ब्राझीलचं सोनं लिस्बनमार्गे लंडनला वाहू लागलं. शंभर-सव्वाशे वर्षांनंतर बघावं तर कापड विणणाऱ्या देशाकडे माग होते, मागासाठी यंत्रं होती, यंत्रं दुरुस्त करणारे लोक होते, यंत्रांसाठी कोळसा आणि कोळशासाठी रेल्वे होती. वाइन करणाऱ्या देशाकडे उत्तम वाइन होती. हे सगळं एका करारानं केलं असं म्हणणं अति होईल. पण आज मी काय चांगलं करतो आणि ते करता करता उद्या काय शिकेन, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. रिकार्डोच्या तक्त्यात दुसऱ्यासाठी रकाना नाही.

आणि काही धंदे असे असतात की शिकण्यासारखं त्यात काही नसतंच. पेरूच्या किनाऱ्यासमोरच्या चिंचा नावाच्या बेटांवर शतकानुशतकं समुद्रपक्ष्यांची विष्ठा साचून तिचे डोंगर झाले होते. १८४० नंतर युरोपला कळलं की हे खत शेतात टाकलं की पीक दणकून येतं. पुढची तीसेक वर्षं जहाजांची रांग लागली. पेरूला पैसा मिळाला नाही असं नाही, सरकारी तिजोरीत भरपूर आला. पण काम काय? कुदळ मारायची, पोतं भरायचं, घसरगुंडीवरून जहाजात सोडायचं. तेही वेठबिगारासारखे आणलेले चिनी मजूर करायचे. खत संपत आलं, त्याच्या भरवशावर काढलेली कर्जं राहिली, १८७६ मध्ये पेरूनं हात वर केले. शेजारच्या चिलीच्या हाती नायट्रेटचं खत लागलं आणि तिथेही सुगी आली, ती जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी हवेतला नायट्रोजन पकडून खत करेपर्यंत.

आयातीपेक्षा निर्यात जास्त, म्हणजे देशाचं बरं चाललंय, हा समज तर चुलीत घालण्याच्या लायकीचा. दादाभाई नौरोजींनी १८६७ पासून हेच ओरडून सांगितलं. ब्रिटिशांच्या ताब्यातला हिंदुस्थान वर्षानुवर्षं आयातीपेक्षा जास्त माल बाहेर पाठवत होता, कागदावर बाकी जमेची, आणि देश कंगाल. कारण जास्तीच्या मालाचा मोबदला परत येतच नव्हता. आजही एखाद्या देशाच्या बातम्यांत निर्यात म्हणजे पुण्य आणि आयात म्हणजे पाप असा सूर लागतो तेव्हा मला कोरियाचे ते आयात केलेले ओंडके आठवतात. ते आले नसते तर प्लायवूड कशाचं करणार होते?

दारं लावून घेण्याचा प्रयोगही झालेला आहे. १९३० मध्ये अमेरिकेनं स्मूट-हॉली कायद्यानं जकाती चढवल्या, इतरांनी उट्टं काढलं, आणि आधीच मंदीनं मोडलेला जागतिक व्यापार १९२९ ते १९३३ या काळात डॉलरच्या हिशेबानं एक तृतीयांशावर आला. त्या भीतीतूनच १९४७ मध्ये २३ देश जकाती उतरवण्याच्या गॅट करारावर सही करायला बसले आणि १९९५ मध्ये त्यातून जागतिक व्यापार संघटना झाली. जकाती उतरल्या. पण उतरल्या त्या एक पायरी ठेवून. श्रीमंत देशांच्या तक्त्यांत अनेकदा कच्च्या मालावर शून्य किंवा नाममात्र जकात असते, आणि माल जसजसा पक्का होत जातो तसतशी ती वाढते. बी पाठवा, स्वागत आहे. चॉकलेट पाठवलंत तर बघू. अण्णा म्हणायचे, जकातीचा तक्ता वरून खाली वाचायचा नसतो, आडवा वाचायचा असतो. मला ते कळायला वर्ष गेलं.

कच्चा माल विकणाऱ्याचं नशीब फुटकंच, असंही नाही. बोट्सवाना १९६६ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा त्या अवाढव्य देशात डांबरी रस्ता होता साधारण १२ किलोमीटर. पुढच्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले. त्यांनी खाणीत सरकारचा वाटा निम्म्यापर्यंत नेला, पैसा रस्ते-शाळांत घातला, आणि दर कराराच्या वेळी थोडं थोडं आणखी मागत राहिले. २०१३ मध्ये कच्च्या हिऱ्यांची प्रतवारी आणि विक्रीचा मोठा व्यवहार लंडनहून आपल्या राजधानीत, गॅबोरोनला आणायला त्यांनी डी बिअर्स या हिरेकंपनीला भाग पाडलं. आता हिऱ्यांचा बाजार पडला की तिथली तिजोरीही हलते, ते संकट टळलेलं नाही. पण भिंगातून हिरा पारखणारे डोळे तिथे तयार झाले.

माझी आवडती गोष्ट मात्र १३० माणसांची आहे. १९७९. कोरियाच्या दैवू कंपनीची पंचाईत झाली होती. १९७४ पासून कपड्यांच्या व्यापाराला मल्टिफायबर कराराचे कोटे लागले होते. कोरियानं अमेरिकेला किती शर्ट पाठवायचे त्याला मर्यादा. ज्याचा कोटा रिकामा आहे असा देश हवा होता. बांगलादेश तेव्हा मुख्यतः ताग विकत होता. तिथल्या 'देश गारमेंट्स' नावाच्या कंपनीशी करार झाला आणि १३० जणांना सहा महिने शिकायला बुसानला नेलं. कापड बेतायचं कसं, पन्नास थर एकदम कापायचे कसे, लाइन लावायची कशी, कॉलरला कुणी बसायचं आणि बाहीला कुणी. आणि माझ्या धंद्याच्या दृष्टीनं सगळ्यात मोलाचं म्हणजे कागद: परदेशी गिऱ्हाइकाच्या एल.सी.वर (पैसे मिळतील अशी त्याच्या बँकेची लेखी हमी) आपल्या कापडाची दुसरी एल.सी. कशी उघडायची, जकात न भरता कापड बॉन्डेड गोदामात आणून त्याचे शर्ट होऊन बाहेर कसं काढायचं. खिशात भांडवल नसताना कारखाना चालवायची ही युक्ती आहे. शर्टाच्या शिवणीत ती दिसत नाही, पण तिच्याशिवाय शिवण चालू होत नाही.

१९८० मध्ये उत्पादन सुरू झालं. मग ती माणसं गळायला लागली. कुणी दुसरीकडे जास्त पगारावर गेलं, कुणी स्वतःचे चार मशीन टाकले. दहा वर्षांच्या आत १३० पैकी ११५ जण देश गारमेंट्स सोडून गेलेले होते. त्या एका कंपनीला हा तोटाच; बांगलादेशला याहून मोठी कमाई क्वचितच कुठल्या करारातून झाली असेल. आज त्या देशाच्या निर्यातीतला ८० टक्क्यांहून जास्त वाटा कपड्यांचा आहे आणि शिलाई मशीनवर बसलेल्यांत बहुसंख्य बायका आहेत. शिकलेला माणूस दरवाजातून बाहेर पडला की त्याच्याबरोबर धंदा बाहेर पडतो, हे कुठल्याच करारात लिहिलेलं नसतं.

या गोष्टीलाही उत्तरार्ध आहे. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळला. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी कामगारांना आत बोलावलं होतं. ११०० हून अधिक माणसं मेली. ऑर्डरची तारीख चुकली तर गिऱ्हाईक दंड लावतं, हे मला माझ्या टेबलावरून माहीत होतं. कंटेनर कधी सुटणार म्हणून मीही फोनवर आवाज चढवलेला आहे. त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला तडे गेलेली भिंत असू शकते हे तोवर मनात आलं नव्हतं. आणि दुसरी काळजी पुस्तकातली. एवढ्या वर्षांनंतरही तो देश बहुतांश अध्याय ६१ आणि ६२ मध्येच आहे. पायरी चढला, तिथेच बसला. का, यावर तज्ज्ञ भांडत असतात. मला वाटतं एका गोष्टीत फार यश आलं की दुसरी शिकायची निकड राहत नाही.

कोडांवरचा माझा विश्वासही एकदा चांगलाच हलला. आशियाई विकास बँकेच्या संस्थेसाठी २०१० मध्ये दोन अर्थशास्त्रज्ञांनी आयफोनचा हिशेब मांडला होता. चीनमधून निघणाऱ्या त्या फोनचा उत्पादनखर्च सुमारे १७९ डॉलर. त्यात चीनमधल्या जोडणीचे साडेसहा डॉलर. बाकीचं सगळं जपान, जर्मनी, कोरिया, अमेरिका अशा ठिकाणच्या सुट्या भागांचं. कस्टम्सच्या कागदावर मात्र १७९ च्या १७९ चीनच्या खात्यावर. ८५ वा अध्याय, झगमगीत तंत्रज्ञान, आणि हातात साडेसहा डॉलर! म्हणजे कोडावरून पायरी ओळखणारी मी शहाणी कशी फसले बघा. तरी वर्षागणिक त्यातले भाग चीनमध्येच बनायला लागले, हेही तितकंच खरं. स्क्रू आवळायला बसलेल्यानं शेजारच्या खोक्यात काय आहे ते बघून ठेवलं होतं.

अण्णा रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. पुस्तकाची २०२२ ची आवृत्ती आली तेव्हा सवयीनं मी आधी ७७ वा अध्याय उघडला. कोरा.

परवा आमच्याकडे नवीन मुलगा लागला. पहिल्याच आठवड्यात तो माझ्या टेबलापाशी आला आणि फळीचा तुकडा उचलून न सांगताच खाचेवरून बोट फिरवू लागला. मी अकरा दिवसांची गोष्ट सांगितली. ४४०७, ४४०९, अण्णा, सगळं. त्यानं मन लावून ऐकलं. मग म्हणाला, "मॅडम, खाच काढायचं मशीन कुठल्या कोडात येतं?"

इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं, मीही स्वतःला विचारलं नव्हतं. ८४ वा अध्याय काढला. ८४६५, लाकूडकामाची यंत्रं.

"आपण पाठवतो का ही?"

मी जुन्या फाइली उघडल्या. ८४६५ ची बिलं निघाली, एक सोडून पाच-सहा. सगळी आयातीची होती.